दार आणि धारक

इंग्रजी शब्दांच्या शेपट्यांवर लिहिलेलं कधी वाचलंय का? डेमोक्रसी, ब्युरोक्रसी, ॲरिस्टोक्रसी... सगळ्यांच्या मागे ग्रीक ‘क्रातोस’, म्हणजे सत्ता. एकदा शेपटी ओळखू आली की अख्खा शब्द उलगडतो. मला हा खेळ फार आवडतो. पण त्यासाठी ग्रीसपर्यंत जायची काय गरज? आपल्याकडे पोलीस चौकीपासून विधानसभेपर्यंत आणि सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेतल्या आडनावांपर्यंत एक शेपटी पसरलेली आहे : ‘दार’.

गेल्या शनिवारी मराठी शब्दांची एक लांबलचक यादी घेतली आणि ‘दार’ने संपणारे शब्द गाळून काढणारी एका ओळीची स्क्रिप्ट चालवली. सुभेदार, किल्लेदार, दुकानदार, कर्जदार, जबाबदार, वळणदार, पाणीदार... धो धो शब्द निघाले. सोबत घुसखोरही आले. मंदार, केदार, उदार ही संस्कृत मंडळी, त्यांचा इथे काही संबंध नाही. घराचं ‘दार’ संस्कृत ‘द्वार’वरून आलेलं. ‘गद्दार’ तर नावाला जागला! तो मूळ अरबी, ‘गद्र’ म्हणजे दगा यापासून बनलेला एकसंध शब्द. त्यात ‘दार’ वेगळं काढायला जागाच नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनला व्युत्पत्ती कळत नाही, त्यामुळे ही साफसफाई हातानेच करावी लागली.

खरा ‘दार’ फारसी आहे. ‘दाश्तन’ म्हणजे जवळ असणं, बाळगणं. त्याचं वर्तमानकाळी रूप ‘दार’. जो धरतो तो दार. आता ‘धरतो’ हा शब्द जरा पुन्हा वाचा. संस्कृत ‘धृ’, त्यावरून धर, धर्म, धरणी, धारण. फारसीचा ‘दार’ आणि आपला ‘धर’ हे एकाच घरातून निघालेले भाऊ आहेत. इराणी भाषांमध्ये ‘ध’, ‘भ’ यांच्यातला ‘ह’कार गळाला, म्हणून आपला ‘भ्राता’ तिकडे ‘बिरादर’ झाला आणि ‘भूमी’ झाली ‘बूम’. अडीच हजार वर्षांपूर्वीचा इराणचा सम्राट दारियस, त्याचं मूळ नाव ‘दारयवहु’. ‘वहु’ म्हणजे आपला ‘वसु’. जे चांगलं ते धरून ठेवणारा! इंग्रजीतला ‘फर्म’, म्हणजे घट्ट, हाही लॅटिनमार्गे याच धातूचा लांबचा नातेवाईक. म्हणजे मुरलीधर आणि किल्लेदार व्याकरणाने सारखेच. एकाने मुरली धरली, दुसऱ्याने किल्ला.

आता प्रश्न असा की कोणी काय धरलं? इथून पुढे व्याकरण संपतं आणि इतिहास सुरू होतो.

शिवकाळात घोडदळात 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी उतरंड होती. किल्ल्याचा मुख्य अधिकारीही हवालदार. किल्ला त्याच्या ‘हवाली’ केलेला, म्हणून तो हवालदार. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, कारण अरबीत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. ‘जहागीर’ म्हणजे शब्दशः जागा पकडणं, ‘जा’ अधिक ‘गीर’. त्यावर पुन्हा ‘दार’ लावला की जहागीरदार : पकडलेली जागा धरून बसलेला. एका शब्दात दोनदा पकड!

1674 मध्ये राज्याभिषेक झाला. शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना पर्याय द्यायचं मनावर घेतलं आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री. (मुजुमदार म्हणजे ‘मजमुआ’ धरणारा, एकूण जमाखर्च सांभाळणारा. बंगाली मजुमदारही तोच.) पण माझं निरीक्षण असं की हे बदल वरच्या मजल्यावर टिकले. खाली सुभेदार, हवालदार, किल्लेदार आपापल्या जागी बसूनच राहिले. पुढे तर मल्हारराव होळकरांसारख्या मातब्बरालाही लोक अभिमानाने सुभेदार म्हणत होते.

शब्दांचीही पदावनती होते. गडाचा धनी असलेला हवालदार आज पोलीस ठाण्यात शिपायाच्या जेमतेम वर आहे. आपल्या सैन्यातला जमादार 1965 मध्ये ‘नायब सुभेदार’ झाला, आणि हिंदी पट्ट्यात तर जमादार म्हणजे झाडूवाला. आणि आडनावं? आमच्या ऑफिसच्या डिरेक्टरीत इनामदार आहेत, जहागीरदार आहेत, एक किल्लेदारही आहे. इनाम, जहागीर आणि किल्ला एकाकडेही नाही. फ्लॅट आहेत, तेही ईएमआयवर. सगळे झाडून कर्जदार!

एकाच शब्दाचे प्रदेशानुसार वेगळे अर्थ होतात त्याचं माझं आवडतं उदाहरण ‘तालुकदार’. अवधमध्ये तालुकदार म्हणजे बडा जमीनदार. आमच्या निजामाच्या राज्यात मात्र अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर, पगारी नोकर. तसंच मामलेदाराचं. मुंबई इलाख्यात तालुक्याचा अंमलदार मामलेदार, आमच्याकडे तहसीलदार. (‘तहसील’ म्हणजे वसुली, म्हणजे हे साहेब शब्दशः वसुलीधारक.) महाराष्ट्र झाल्यावर तहसीलदार जिंकला. मामलेदार गोव्यात अजून खुर्चीवर आहे, इकडे 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहे, आणि ठाण्याच्या मिसळीत!

मग लोकशाही आली. दरबाराच्या ‘आम’ आणि ‘खास’ला शेपटी लावून मराठीने आमदार आणि खासदार केले. हिंदीत विधायक आणि सांसद, आपल्याकडे अजून दरबारी थाट. पण सगळ्यात सुंदर शब्द आहे तो मतदार. पुढे संस्कृत ‘मत’, मागे फारसी ‘दार’. हिंदी म्हणते मतदाता, म्हणजे मत देणारा. एकदा दिलं की संपलं. मराठीत मात्र तो मत धरणारा आहे. मला आपला शब्द जास्त पटतो.

सरकारी मराठीने गेल्या काही दशकांत ‘दार’ टाळून नवी शेपटी धरली आहे : ‘धारक’. परवानाधारक, शिधापत्रिकाधारक, गाळेधारक, कार्डधारक. आता ‘परवाना’ फारसी आणि ‘धारक’ संस्कृत, म्हणजे ‘मतदार’ची बरोब्बर उलटी आवृत्ती. फारसी हाकलायला निघालो आणि दारात कोण उभा? तोच भाऊ, फक्त ‘ह’कार परत घेऊन आलेला.

आता जरा माझ्या गावाकडे, किनवटला. पैनगंगेकाठचं, सागाच्या जंगलातलं हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. आमच्याकडे शब्दांचा हा खेळ एवढा गमतीचा राहत नाही, कारण इथे ‘दार’च्या आधी जो शब्द येतो त्यावर पोट अवलंबून असतं.

त्या जिल्ह्यात गोंड, कोलाम पिढ्यान् पिढ्या जमीन कसत होते. धरत होते म्हणा ना. पण निजामाच्या दप्तरी जमीन धरणारा म्हणजे पट्टेदार, ज्याच्या हातात पट्टा तो. दप्तर आधी फारसीत आणि 1880च्या दशकापासून उर्दूत. ज्यांना ती भाषा आणि कचेरीची वाट ठाऊक होती ते बाहेरून येऊन पट्टेदार झाले. जंगलं राखीव झाली आणि कसणारे एकाएकी अतिक्रमणदार ठरले! 1940 मध्ये याच जिल्ह्यात जोडेघाटला कोमरम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला बोलावलं, आणि त्या दशकात कुठे गोंडांच्या नावाने पट्टे निघू लागले.

जहागिरी 1949 मध्ये खालसा झाल्या. किनवट महाराष्ट्रात आलं. सीमेपलीकडे तेलंगणात शेतकऱ्याच्या हातात अजूनही ‘पट्टादार पासबुक’ असतं, अलीकडे सातबाऱ्यावर तो ‘भोगवटादार’ झाला. हा शब्द मला कायम खटकतो. मालक नाही, भोगवटा धरणारा. तोही वर्ग एक किंवा वर्ग दोन. वर्ग दोन असला तर जमीन धरायला हरकत नाही, पण विकताना सरकारची परवानगी लागते. आदिवासींच्या हातून निसटलेल्या जमिनी परत देण्यासाठी राज्याने 1974 मध्ये वेगळा कायदा केला. त्यावरून कळतं की धरणारे हात किती वेळा सोडवले गेले असतील.

2006 मध्ये वनहक्क कायदा आला आणि नवा ‘दार’ जन्मला : दावेदार. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसत असल्याचा पुरावा द्यायचा. आधी ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. तिन्ही पायऱ्या चढल्या की दावेदाराचा पट्टेदार होतो. जास्तीत जास्त चार हेक्टर, वारसाला जाते, विकता येत नाही. आणि लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. ‘दार’ला तसंही लिंग नाहीच. बाई निवडून आल्या तरी त्यांना आमदारच म्हणतात.