पाहुण्याचा परवाना, रहिवाशाची परीक्षा

१/ मोटारीने सीमा ओलांडणाऱ्यांसाठी १९०९ साली पॅरिसमध्ये करार झाला. त्यातून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय दाखला अस्तित्वात आला. ही सवलत प्रवाशासाठी होती.

२/ १९४९च्या जिनिव्हा करारानेही आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत एक वर्षच ठेवली.

३/ १९६८च्या व्हिएन्ना कराराने भेद स्पष्ट केला : परवाना घेऊन पुढे दुसऱ्या देशात कायम राहू लागलेल्याचा जुना परवाना मानण्याचे बंधन त्या देशावर नाही.

४/ ब्रिटनचा नियमही याच धाटणीचा. तेथे स्थायिक होणाऱ्या भारतीयाचा परवाना बारा महिने चालतो. जपान, सिंगापूरचे परवाने बदलून मिळतात; भारताचा मिळत नाही.

५/ परिणामी पुण्यात वीस वर्षे गाडी चालवलेला माणूस लंडनमध्ये पुन्हा लाल ‘एल’ची पाटी लावून परीक्षेला बसतो.