वाऱ्याचा जमाखर्च

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत लोहाराचे स्थान पक्के होते, आणि त्याच्या लोहारसाळेत पाऊल टाकणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे ऐरणीवर व घणावर खिळत असे. परंतु त्या ठणठणाटाच्या मागे, भट्टीच्या आडोशाला बसून एखादे पोर किंवा खुद्द कारभारीण जो भाता संथपणे ओढीत असे, त्याच्यावाचून घणाला करण्याजोगे काही कामच उरले नसते. संस्कृतातील भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी. तिचाच मराठीत भाता झाला. या पिशवीत एक उपजत दोष होता. दाबली म्हणजे ती वारा देई, आणि उघडली म्हणजे नुसता श्वास घेत बसे. तेवढ्या अवकाशात निखाऱ्यावर राखेची साय धरे. म्हणून आपल्याकडील खनिजापासून लोखंड गाळणाऱ्या कारागिरांनी बकऱ्याच्या कातड्याचे दोन भाते जोडीने मांडून ते आळीपाळीने दाबण्याची प्रथा पाडली, तर चिनी कारागिरांनी लाकडी पेटीत असा दट्ट्या बसविला की जो जाताना आणि येतानाही वारा सोडतो. वाऱ्याचा जोर थोडा कमी असला तरी चालेल, त्याची आवक मात्र तुटता कामा नये, हे या दोन्ही युक्त्यांचे मर्म होय.

युरोपात लोखंडाच्या भट्ट्या जसजशा उंच होत गेल्या, तसतसा चामड्याचा भाता अपुरा पडू लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन स्मीटन याने स्कॉटलंडमधील कॅरन येथील कारखान्यासाठी ओतीव लोखंडाचे दट्टेदार पंप पाणचक्कीवर चालविले. आणि 1776 साली जॉन विल्किन्सन याने आपल्या भट्टीला वारा घालण्यासाठी जेम्स वॉटचे वाफेचे इंजिन लावले. खाणीतील पाणी उपसण्याखेरीज दुसरे काही काम त्या इंजिनाकडून करून घेण्याचा तो पहिलाच मान्यवर प्रयोग होता. म्हणजे वाफेच्या युगाचा उंबरठा ओलांडताना मनुष्याने त्या नव्या शक्तीला प्रथम पाणी उपसायला आणि मग भाता ओढायला बसविले!

तरीही येथवर वारा हा अग्नीचा सेवकच होता. तो स्वतः हत्यार चालवू शकतो ही गोष्ट जगाच्या लक्षात आली ती आल्प्स पर्वताच्या पोटात. फ्रेजूसचा बोगदा 1857 साली सुरू झाला तेव्हा त्याची लांबी बारा किलोमीटरांहून अधिक धरलेली होती, आणि वर पर्वताचे ओझे एवढे की मधून मधून विहिरी खणून हवा घेण्याची सोयच नव्हती. आत वाफेचे यंत्र न्यावे, तर त्याच्या धुराने कामगार गुदमरावे. बाहेरून नळाने वाफ पाठवावी, तर ती वाटेतच थंड होऊन तिचे पाणी व्हावे. या पेचातून झेर्में सोमेये या अभियंत्याने असा मार्ग काढला की डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याच्या बळाने बाहेरच हवा दाबावी, ती लोखंडी नळांतून आत न्यावी, आणि तिच्या दणक्याने खडकात सुरुंगाची छिद्रे पाडावीत. काम करून सुटलेली हवा कामगारांच्या श्वासाला उपयोगी पडे, हा आणखी लाभ. 1861 साली इटलीकडील बार्दोनेक्कियाच्या बाजूने ही यंत्रे कामाला लागली, 1870 च्या डिसेंबरात दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस भिडले, आणि 1871 साली बोगदा खुला झाला. दुर्दैव असे की तो समारंभ पाहायला सोमेये हयात नव्हता.

नेमक्या याच वर्षांत आपल्या सह्याद्रीत रेल्वेसाठी बोरघाटाची चढण फोडली जात होती. 1856 ते 1863 पर्यंत चाललेल्या त्या कामावर ऐन भरात 40,000 च्या वर माणसे राबत होती, आणि काळ्या पाषाणाशी त्यांचा सामना होता तो पहार, घण व सुरुंगाची दारू एवढ्याच सामग्रीनिशी. पटकी, ज्वर आणि अपघात यांनी तेथे घेतलेले बळी सहस्रावधी आहेत. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हाही आल्यावर थोड्याच अवधीत मृत्यू पावला. एका पर्वतात वारा राबत होता आणि दुसऱ्यात माणसाचे खांदे, हा फरक आगगाडीतून घाट उतरताना विसरू नये.

आल्प्समधील वृत्तान्त वाचून अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याला आगगाडीच्या ब्रेकची कल्पना सुचली. 1869 साली त्याने तिचे पेटंट घेतले, आणि पुढे 1872 साली प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी बसविली. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. खडक फोडणारे हत्यार दिवसभर हवा खात राहते, म्हणून त्याला अखंड आवक हवी. ब्रेकचा खर्च क्षणाचा, म्हणून त्याला साठवलेली शिल्लक पुरते. दाबलेल्या हवेच्या व्यवहारात आवक आणि शिल्लक ही खाती वेगळी आहेत, आणि ज्याने ती एकत्र केली त्याचा हिशेब चुकलाच म्हणून समजावे.

छोट्या कारागिराच्या दाराशी हा व्यवहार प्रथम आला तो पॅरिसमध्ये. व्हिक्टर पॉप याने तेथे प्रारंभी शहराची घड्याळे हवेच्या ठोक्यावर चालविली, आणि नंतर नळांचे जाळे विस्तारून लहान-मोठ्या कारखान्यांना दाबलेली हवा मीटरवर विकण्यास आरंभ केला. खोलीभर जागेत काम करणाऱ्या कारागिराला इंजिन, कोळसा, बॉयलर यांपैकी कशाचीच तजवीज करावी लागेना. तोटी फिरवली की वारा हजर. 1910 सालच्या सेन नदीच्या महापुरात हवा पुरविणारे केंद्रच बंद पडले आणि शहरातील ती घड्याळे जागच्या जागी थांबली, यावरून त्या अदृश्य पुरवठ्यावर नगरी किती विसंबली होती हे दिसते.

पुढे विजेची छोटी मोटर स्वस्त झाली, आणि ज्याचा त्याचा वारा ज्याच्या त्याच्या घरी तयार होऊ लागला. आपल्याकडेही 1958 साली पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली. आणि आज टायरवाल्याच्या टपरीपासून हौशी सुताराच्या पडवीपर्यंत कॉम्प्रेसरची धडधड ऐकू येते. पण पॅरिसच्या कारागिराला जो हिशेब कधी करावा लागला नाही तो आता घरमालकाच्या गळ्यात पडला आहे, आणि दुकानात तो टाकीचा आकार व मोटरचे घोडे विचारून मोकळा होतो.

तो हिशेब मुळात अवघड नाही. 50 लिटरच्या टाकीतला दाब 8 बारवरून 6 बारवर उतरला, तर बॉइलच्या नियमाने बाहेरच्या मापाची हवा मिळते 100 लिटर. लाकूड घासण्याचे सँडर किंवा रंगाची मोठी फवारणी बंदूक मिनिटाला 300 लिटर सहज घेते, म्हणजे नुसत्या शिलकेवर ते यंत्र 20 सेकंद चालेल. 1 अश्वशक्तीचा पंप मिनिटाला सुमारे 100 लिटर भर घालतो. तेवढ्याने 20 सेकंदांचे 30 होतात, अधिक नाही. उलट खिळे मारणारी बंदूक दर खिळ्याला लिटर-दोन लिटरच घेते. तिला लहान टाकीही मायंदाळ. म्हणून आपले सर्वांत खादाड हत्यार कोणते ते आधी ठरवावे, कामाच्या दाबाला त्याला मिनिटाकाठी किती हवा लागते ते पाहावे, आणि पंपाची आवक त्याहून निदान चौथ्या हिश्शाने अधिक धरावी. पाटीवर कित्येकदा दट्ट्याने ओढलेल्या हवेचा आकडा असतो. नळीच्या टोकाशी पोचणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. आणि घरातल्या एकफेजी विजेवर साधारणतः 2 ते 3 अश्वशक्तीपलीकडे जाता येत नाही, सबब सँडरचा हट्ट धरणाऱ्याने आधी वायरमनचा सल्ला घ्यावा.

भाता ओढणारे पोर दमले की लोहार ते ओळखून घण खाली ठेवी. यंत्राचे दमणे मुकाट असते: दाबलेली हवा तापते, पंपाचा माथा हाताला चटका देतो, हवेतली वाफ निवून टाकीच्या तळाशी पाणी साचते. रोज संध्याकाळी ते पाणी सोडावे; आणि काम चालू असताना पंप मधून मधून थांबतो की नाही, याकडे एक कान ठेवावा.