फ्लाइट लॉग आणि ड्रोन-अपघाताचा तपास (शिरूर-दौंड परिसर)

फ्लाइट लॉग : ड्रोन हवेत असताना त्याचा फ्लाइट कंट्रोलर (त्याला हवेत सावरणारा छोटा संगणक) दर सेकंदाला अनेक वेळा मेमरी कार्डावर जी नोंद उतरवतो ती. ड्रोन किती कलला, त्याला किती कलायला सांगितले होते, प्रत्येक मोटारीकडे किती जोर मागितला, बॅटरीचे व्होल्टेज, दिसणारे उपग्रह, होकायंत्राचे वाचन, थरथर, उंची, चालकाने रिमोटच्या दांड्या कुठे ढकलल्या, हे सारे तिच्यात वेळेसह असते. काम विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखेच, पण ब्लॅक बॉक्स आग आणि आघात सोसण्यासाठी बांधलेला असतो, तर ड्रोनचे कार्ड नखाएवढे आणि साध्या खाचेत बसवलेले. पाण्याने भरलेल्या सरीत पडलेल्या ड्रोनचे कार्ड शाबूत मिळाले, तरच तपासाला पाया मिळतो.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडला आणि चासकमानच्या कालव्याने शिरूरला ऊस दिला. डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे जिकिरीचे असल्याने फवारणीच्या ड्रोनला इथे खरे काम आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातील १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान. उरलेली रक्कम गटाची किंवा कर्जाची असते. म्हणून इथे ड्रोन पडतो तेव्हा यंत्राबरोबर गटाचा हंगामही पडतो. ‘ताईंना चालवता आला नाही’ असे गावात बोलले जायला मग वेळ लागत नाही. ते खरे की खोटे, हे लॉग सांगू शकतो.

या भागात ड्रोनची दुसरी रूपेही लोकांनी पाहिली आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात घबराट पसरली आणि गावोगाव गस्ती सुरू झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याच्या शोधासाठी उष्णता टिपणारे थर्मल ड्रोन उसावरून फिरवले गेले. संशयास्पद ड्रोन हाती लागला, तर तो कुठून उडाला आणि केव्हा, हेही लॉगमधूनच काढता येते. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदलेली असते; तीत साडेपाच तास मिळवायचे विसरले, तर रात्री दीडचे उड्डाण आदल्या संध्याकाळचे ठरते.

लॉग वाचण्याची रीत एका प्रश्नावर उभी आहे : यंत्राला जे सांगितले आणि यंत्राने जे केले, त्यांची फारकत प्रथम कोणत्या क्षणी झाली? आर्डूपायलट या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या ड्रोनचा लॉग ‘मिशन प्लॅनर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. मागितलेला कल आणि प्रत्यक्ष कल यांच्या दोन रेषा एकावर एक ठेवल्या, की निरोगी उड्डाणात त्या जवळजवळ एक होऊन चालतात. त्या फाटतात तिथे थांबायचे आणि त्याआधीचे एक-दोन सेकंद बारकाईने पाहायचे.

मोटार बंद पडली किंवा पंखा तुटला, तर ड्रोन त्या बाजूला झुकतो. कंट्रोलर त्याच मोटारीकडे अधिकाधिक जोर मागत राहतो आणि समोरच्या मोटारीचा जोर काढून घेतो. मागणीचे माप साधारण १००० ते २००० असते. नवखा माणूस २००० वर गेलेली मोटार पाहून ती जास्त फिरली असे समजतो, आणि इथेच चुकतो. लॉगमध्ये मागणी लिहिलेली असते, प्रत्यक्ष फेरे नव्हेत (ते मोजणारी सोय वेगळी असते). पूर्ण मागणी होऊनही ड्रोन ज्या बाजूला कलंडला, त्याच बाजूची मोटार, तिची ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारे सर्किट) किंवा पंखा आधी तपासावा. सहा पंख्यांचा ड्रोन टाकी रिकामी असताना एका मोटारीचे जाणे कधी कधी सोसतो. १० लिटर औषध भरलेले असताना सहसा नाही.

वीज गेल्याची खूण याहून सोपी. ड्रोन अजून उंचावर आहे, सर्व रेषा ठीक आहेत आणि लॉग मध्येच तुटतो. जमिनीवर आपटण्याची नोंदच नाही. म्हणजे कंट्रोलरचाच पुरवठा हवेत बंद झाला : सैल कनेक्टर, तुटका सांधा किंवा निकामी पॉवर मॉड्यूल. कमजोर बॅटरी वेगळी दिसते. सहा सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट दाखवते, पण भरलेली टाकी उचलताना व्होल्टेज किती खोल जाते ते पाहावे. त्यासाठी त्याच ड्रोनच्या जुन्या, सुखरूप उड्डाणाचा लॉग शेजारी ठेवण्यासारखा उपाय नाही. तेवढेच वजन, तेवढीच उंची, आणि या वेळची घसरण दुप्पट असेल तर सेल थकलेले आहेत.

थरथरीचे आकडे मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात असतात. ३० च्या आत असले तर चिंता नाही, ६० च्या वर गेले तर उंचीचा अंदाज फसू लागतो आणि ड्रोन आपोआप वर चढू शकतो. घडीच्या हाताचा सैल स्क्रू किंवा दाते पडलेला पंखा एवढ्याने हे होते. होकायंत्राभोवतीचे चुंबकीय क्षेत्र उड्डाणभर साधारण स्थिर राहायला हवे. ते मोटारींच्या जोराबरोबर ३० टक्क्यांहून अधिक हलत असेल, तर जाड वीजतारा होकायंत्राच्या फार जवळून गेल्या आहेत. असा ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी मोठ्या होत जाणाऱ्या वर्तुळात फिरू लागू शकतो. अर्धी भरलेली टाकीही त्रास देते. बांधाशी वळताना औषध एका बाजूला उसळते आणि कंट्रोलर सारखा सावरत राहिल्याचे लॉगमध्ये दिसते.

भीमेच्या काठावर विशेष लक्षात ठेवावा असा प्रकार म्हणजे तारा. नदीवरच्या पंपांना आणि डीपींना जोडणाऱ्या विजेच्या तारा उसावरून गेलेल्या असतात आणि वरून पाहताना हिरव्या रानात विरून जातात. अशा अपघातात सर्व रेषा शेवटच्या क्षणापर्यंत निरोगी असतात; मग प्रवेगाच्या आलेखात एकच उंच सुळका, आणि नंतर सारे विस्कटलेले. यंत्र निर्दोष ठरते. दांड्या आणि उड्डाणाचा प्रकार पाहून चालकाने ड्रोन स्वतः तिकडे नेला की आधी आखलेला मार्ग तारेतून जात होता, हेही कळते. मार्ग आखणारा आणि चालवणारा वेगळे असतील, तर हा फरक फार मोलाचा आहे.

लॉगमधल्या ‘क्रॅश’ या शब्दाने फसू नये. ड्रोनचा कल मागितलेल्या कलापासून ठरावीक कोनापलीकडे काही काळ ढळलेला राहिला, की प्रणाली तो शब्द लिहून मोटारी बंद करते. तो परिणाम आहे. कारण त्याआधीच्या ओळींत शोधावे. पंखा कशाने तुटला, स्क्रू कोणी आवळला नाही, हे मात्र लॉग सांगत नाही. त्यासाठी पडलेले तुकडे, फोटो आणि देखभालीची वही लागते.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला (डीजीसीए) डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावरून द्यावी लागते, आणि २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता इतरांना तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे.

ड्रोन चालवणाऱ्या ताई-दादांना आणि गटांना विनंती एवढीच : ड्रोन पडला, की आधी बॅटरी काढा, पडलेल्या जागेचे फोटो घ्या, कार्ड काढून त्याची प्रत करा. ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हा वीज जोडू नका. कार्ड भरलेले असेल, तर नवी नोंद जुनी फाइल पुसून टाकते.