कांदिवलीचा ट्रॅक्टर, डहाणूचा कोळसा आणि युरोपचा कर

मुंबई : व्यापार वाढला की हवेतील कार्बनही वाढतो का? जीन ग्रॉसमन व अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये या प्रश्नाची तीन परिणामांत विभागणी केली. उत्पादन वाढले की प्रदूषण वाढते, हा आकाराचा परिणाम. कारखान्यांची जागा सेवाक्षेत्राने घेतली तर ते घटते, हा रचनेचा. आणि तेवढाच माल कमी इंधनात तयार होऊ लागला, तर तो तंत्राचा परिणाम.

कांदिवलीत हे तिन्ही परिणाम पाहता येतात. महिंद्र अँड महिंद्रने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि येथे ट्रॅक्टर बनू लागले. या कंपनीने २०१६ मध्ये स्वतःच्या उत्सर्जनावर टनामागे १० डॉलर असा अंतर्गत दर लावून घेतला. मात्र ट्रॅक्टरचा मोठा कार्बन जुळणीच्या कारखान्यात निघत नाही. तो पोलाद बनविताना आणि शेतात डिझेल जळताना निघतो.

ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला संकुलातील इमारतींवर धुराडी नाहीत. तेथील वातानुकूलन यंत्रे मात्र विजेवर चालतात आणि उपनगरांच्या विजेसाठी बीएसईएसने १९९०च्या दशकात उभारलेले ५०० मेगावॉटचे केंद्र आहे डहाणूला, कोळशावर चालणारे. अलीकडे सौर व पवन विजेचा वाटा वाढला आहे, हे खरे. तरीही मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यानुसार २०१९ मधील शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते आणि त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जावापराचा होता. वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के. आकुर्ली व डहाणूकरवाडी स्थानकांमुळे २०२२ पासून मेट्रो कांदिवलीच्या दोन्ही बाजूंना पोहोचली, पण तिचा परिणाम या २० टक्क्यांपुरताच.

उत्पन्न वाढले की प्रदूषण आधी वाढते व पुढे आपोआप घटते, असा एक लाडका सिद्धान्त आहे. गटारे व धुळीच्या बाबतीत तो काही अंशी पटतो, कारण त्रास तेथल्या तेथे होतो. कार्बनला वास नाही आणि त्याचा फटका शेजाऱ्यांनाही बसतो. त्यामुळे येथे हा सिद्धान्त लंगडा पडतो. भारताने २००५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटविले, तरी एकूण उत्सर्जन वाढतच राहिले. तंत्रापेक्षा आकार भारी ठरला.

आता हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा, हा वाद आहे. निर्यातीचा माल परदेशात वापरला जात असला, तरी त्याचा कार्बन उत्पादक देशाच्या खात्यात जातो. त्यातच युरोपीय महासंघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते आदी आयातीवर सीमा-कार्बन आकारणी आणली. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत होती. जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर पैसे मोजावे लागणार आहेत. दरडोई सुमारे दोन टन कार्बन सोडणाऱ्या देशाकडून असा कर घेणे न्याय्य नाही, अशी भारताची भूमिका आहे. तरीही २०२३ मध्ये केंद्राने देशांतर्गत कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली.