कोयता: माप एक, माणसे दोन

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या धंद्यात ‘कोयता’ हे अवजाराचे नाव आहे, तसेच माणसे मोजण्याचे मापही आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा मजूर अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो, तोडणीचा दर टनावर ठरतो आणि उचल त्यातून फिटते. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, या साऱ्या कामात बाईचा वाटा मोठा असतो. शिवाय पहाटेचा स्वयंपाक आणि पाणी तिच्याकडेच. मुकादमाच्या वहीत मात्र नाव नवऱ्याचे आणि हिशेब जोडीचा. तिच्या श्रमाचे मोल किती, हे त्या वहीतून कोणालाही काढता येत नाही.

ही रीत स्थलांतरातून रुजली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०च्या सुमारास सुरू झाला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि तोडणीला माणसे लागू लागली. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज हा भाग अवर्षणाचा. १९७२च्या दुष्काळानंतर तर कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी सांगली-कोल्हापूरची आणि कर्नाटकाची वाट नेहमीचीच झाली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणा वेगवेगळ्या समाजगटांशी समान वागतात का, हे मोजताना नेमकी हीच, म्हणजे स्त्रीची नोंद वेगळी नसण्याची, अडचण येते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. एकूण अचूकता चांगली दिसत होती. गट वेगळे केल्यावर गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याहून कमी, तर काळ्या स्त्रियांबाबत एका प्रणालीत जवळपास ३५ टक्के निघाली. त्यांच्याकडे प्रत्येक चेहऱ्याची वेगळी नोंद होती, म्हणून हे उघड झाले. उद्या मुकादमाच्या वह्यांवर शिकवलेली एखादी प्रणाली कर्जाचा किंवा विम्याचा निर्णय देऊ लागली, तर ती स्त्रियांना न्याय देते का, हे तपासण्याचीच सोय नसेल. तिच्या लेखी बाई कोयत्याच्या पोटात गेलेली असेल.

स्त्रिया वेगळ्या मोजल्या की काय दिसते, हे बीडने दोनदा अनुभवले. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९१६ स्त्रिया होत्या. शून्य ते सहा वयोगट वेगळा काढला, तेव्हा हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८०७ भरल्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. मोठ्या वयाच्या स्त्रियांमुळे एकूण सरासरी सावरली होती. गर्भातच झालेली निवड तिच्याआड दडून राहिली होती. २०१५मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचा समावेश झाला.

दुसरी मोजणी ऊसतोड बायांच्या गर्भाशयांची. २०१९मध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात प्रश्न उठला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. त्यामागचे एक कारण मापातच होते. पाळीमुळे किंवा दुखण्यामुळे बाई कामावर आली नाही, तर खाडा पडे आणि दंड कोयत्यावर, म्हणजे दोघांवर बसे. कमाई वेगळी न मोजणारी वही तिची गैरहजेरी मात्र चोख टिपत होती. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला म्हणूनच तिला आणि घरच्यांना पटे. पुढे खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

नोंद वेगळी ठेवली तरी ती कोठे होते, यानेही निकाल फिरतो. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते. फडावरच्या कोपीत किंवा कारखान्याजवळच्या दवाखान्यात जन्मलेली बीडची मुलगी सांगलीच्या किंवा बेळगावच्या रजिस्टरात जाते. जनगणनेत मात्र ती घरच्यांसोबत मोजली जाते. त्यामुळे जिल्ह्याच्या जन्मनोंदणीचे गुणोत्तर आणि जनगणनेचे गुणोत्तर एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. ऊसतोड कामगारांची गावपातळीवर ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे धोरण राज्याने २०२१मध्ये स्वीकारले. त्या नोंदवहीत पहिल्यांदाच एका कोयत्याची दोन नावे लिहिता येतात.