मऊ आमिष आणि लपलेलें टोंक

मासा गळाला लागणें ही वरवर पाहतां दैवाची गोष्ट वाटते. दोन माणसें एकाच नावेंत बसून एकाच पाण्यांत गळ टाकतात. एकाची टोपली भरते आणि दुसरा रित्या हातांनीं परततो. परंतु अशा दैवाच्या पोटीं बहुधा कांहीं तरी कारण दडलेलें असतें. उत्तर अमेरिकेंतील स्मॉलमाउथ बास, म्हणजे लहान तोंडाचा बास, या माशाच्या शिकारीचा इतिहास पाहिला असतां हें कारण चांगलें उघड होतें.

पंचमहासरोवरें, सेंट लॉरेन्स आणि ओहायो या जलाशयांचा व नद्यांचा प्रदेश हें या माशाचें मूळस्थान. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनीं १८०२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. त्यांच्या हातीं आलेल्या नमुन्याच्या पाठीवरील पराचा मागील भाग मोडलेला होता. तो तुकडा म्हणजे एक स्वतंत्र लहानसा पर आहे असें समजून त्यांनीं या कुळाला ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे लघुपक्ष, असें नांव दिलें. एका जखमी माशामुळें साऱ्या कुळाला मिळालेलें हें चुकीचें नांव आजतागायत टिकून आहे.

१८५४ सालीं व्हीलिंग येथील विल्यम श्रायव्हर यांनीं सुमारें तीस बास भोकें पाडलेल्या डब्यांत घातले, तो डबा आगगाडीच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकींत ठेवला, आणि पर्वत ओलांडून ते मासे पोटोमॅक नदीच्या खोऱ्यांत नेऊन सोडले. तेथें त्यांची वाढ झपाट्यानें झाली. पुढें १८८१ सालीं डॉ. जेम्स हेन्शाल यांनीं बासवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ट्राउट व सॅमन यांच्या पंक्तीला बसण्याची याची योग्यता आहे असें हिरिरीनें प्रतिपादन केलें.

त्या काळीं आमिष म्हणजे जिवंत लहान मासा, नदींतील शेवंडासारखा कवचधारी क्रेफिश, किंवा लांकडाचा अथवा धातूचा नकली मासा. लांकूड व धातु तोंडाला कठीण लागतात आणि बास तें सोंग क्षणांत ओळखून थुंकून टाकतो. ही अडचण १९४९ सालीं दूर झाली. ओहायो संस्थानांतील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहरीं निक क्रीम नांवाचे यंत्रकारागीर राहत असत. त्यांनीं व त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनीं घरच्या स्वयंपाकघरांत व्हिनिल तापवून, साच्यांत ओतून, हुबेहूब गांडूळ तयार केलें. हें आमिष तोंडांत मऊ लागे. त्यामुळें मासा तें पूर्वीपेक्षां अधिक वेळ धरून ठेवूं लागला.

तथापि एक अडचण जाऊन दुसरी आली. टेक्ससमधील नव्या धरणांच्या जलाशयांत बुडालेलीं झाडें व शेवाळ फार. उघडा गळ त्यांत अडके. म्हणून तेथील लोकांनीं गळाचें टोंक गांडुळाच्या अंगांत लपविण्याची युक्ति काढली. तिला ‘टेक्सस रिग’ म्हणतात. युक्ति उत्तम, पण आतां हिसक्याचा कांहीं जोर आमिष फाडण्यांतच खर्ची पडूं लागला. शिवाय आमिष जाड असेल तर तें गळाच्या बांकांत गोळा होऊन बसतें आणि जबड्याला शिरण्यास जागाच उरत नाहीं. चाहूल लागते, दोरी ताणली जाते, आणि मासा निसटतो.

हा दोष स्मॉलमाउथच्या बाबतींत अधिकच जाणवतो. लार्जमाउथ या त्याच्या भावाचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागें जातो. याचा तेथवर पोंचत नाहीं. लहान तोंडाला मोठा गळ व लांब आमिष दिलें तर मासा केवळ शेंपूट ओढून नेतो. आणि यांतील मर्म असें कीं, स्मॉलमाउथ बहुधा स्वच्छ, खडकाळ पाण्यांत राहतो; तेथें झाडोरा थोडा. म्हणजे जें टोंक लपविण्याचें मुळांत कारणच नाहीं, तें केवळ दुसऱ्या पाण्यांतील रूढि म्हणून लपविलें जात होतें.

सुधारणा दोन दिशांनीं झाली. जेथें टोंक लपविणें भाग आहे तेथें रुंद बांकाचा गळ घ्यावा, आमिष सरळ ओवावें, आणि टोंक कातडीच्या अगदीं लगत आणून ठेवावें, म्हणजे थोड्या दाबानें तें बाहेर पडतें. जेथें गरज नाहीं तेथें टोंक उघडें ठेवावें. बॉबी गारलंड यांनीं काढलेलें पोकळ नळीसारखें आमिष, आणि कॅन्ससचे नेड केहडी यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेली तोकड्या आमिषाची ‘नेड रिग’, या दोहोंत सामान्यतः बारीक तारेचा उघडा गळ वापरतात. असा गळ हिसका न देतां, दोरीचा ढिलेपणा काढून संथपणें ओढला तरी रुततो. जाड तारेच्या गळाला मात्र जोराचा ओढा लागतो, आणि ताणली जाणारी नायलॉनची दोरी तोच ओढा वाटेंत गिळून टाकते.

या साऱ्या खटाटोपाचा संबंध केवळ टोपली भरण्याशीं नाहीं. रे स्कॉट यांच्या संस्थेनें १९७२ सालीं, धरलेला बास जिवंत सोडून द्यावा, अशी चळवळ सुरू केली. सोडलेला मासा जगतो कीं मरतो हें गळ कोठें रुतला यावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. ओठांत रुतला तर जखम भरून येते. घशांत उतरला तर बहुधा प्राणावर बेततें. आमिष मऊ असल्यामुळें मासा तें धरून ठेवतो, आणि शिकारी गाफील राहिला तर त्याच मऊपणामुळें गिळूनही टाकतो. गळावरून सुटून तळाशीं पडलेलें प्लास्टिकही मासे गिळतात, आणि तें पचत नाहीं.

म्हणून तोंडाच्या मापाचा गळ, तीक्ष्ण टोंक, पाण्यास अनुरूप मांडणी आणि वेळेवर केलेली ओढ यांत शिकाऱ्याचा लाभ आहे, तसेंच माशाचें जीवितही आहे. जो आपलें पाणी ओळखून गळ बांधतो, त्याच्या हातून मासा निसटत नाहीं आणि व्यर्थ मरतही नाहीं.