ते निळं पुस्तक आहे का हो?

"एक निळं पुस्तक होतं बघा. त्यात एक मुलगी असते, आणि एक पडकं घर... आणि मांजर असतं बहुतेक. लेखक? नाही आठवत. नाव? छे!"

लायब्ररीत मुलांच्या विभागात बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न काही नवा नाही. विचारणारा चाळिशीचा असतो, पुस्तक वाचलेलं असतं आठव्या वर्षी. आणि ते त्याला हवंच असतं, कारण आता त्याची मुलगी आठ वर्षांची झालेली असते.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की हरवलेली क्वेरी. कॅटलॉगला लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, अगदी पानांची संख्यासुद्धा माहीत असते. वाचकाला यातलं काहीच माहीत नसतं. आणि त्याला जे माहीत असतं (निळा रंग, पडकं घर, मांजर), ते कॅटलॉगमध्ये कुणी लिहिलेलंच नसतं. ही दरी बुजवायचा उद्योग अमेरिकेतल्या बाल-ग्रंथपालांनी जवळजवळ शंभर वर्षं केला. तो कसा केला आणि कुठे फसला, हा आजचा विषय.

मुळात एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बऱ्याच लायब्रऱ्यांत लहान पोरांना प्रवेशच नसे. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी मिनर्व्हा सँडर्स बाईंनी १८७७ साली मुलांना आत घेतलं, त्यांच्या मापाच्या खुर्च्या ठेवल्या. ही तेव्हा मोठीच क्रांती. १९०१ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीत खास बाल-ग्रंथपाल घडवण्याची शाळा निघाली. १९०६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने मुलांच्या कामाची सगळी सूत्रं अ‍ॅन कॅरोल मूर बाईंच्या हातात दिली आणि १९११ साली बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत मुलांची स्वतंत्र खोली उघडली. यात जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. पगार बेताचा, पण त्यांच्याकडे कामाची एक गोष्ट होती: पोरं येऊन नेमकं काय विचारतात, हे त्या रोज ऐकत होत्या.

पोरं पुस्तक मागतच नाहीत. गोष्ट मागतात! "ती राक्षसाची गोष्ट द्या." आता ती गोष्ट कुठल्या संग्रहात आहे हे कॅटलॉग सांगणार नाही, कॅटलॉग सांगणार 'परीकथा, भाग दुसरा'. त्यातून एकच गोष्ट पाच पुस्तकांत पाच नावांनी छापलेली. मेरी ह्यूस ईस्टमन या ग्रंथपाल बाईंनी यावर १९१५ मध्ये एक जाडजूड उत्तर काढलं: परीकथा, पुराणकथा आणि दंतकथांचा इंडेक्स. गोष्टीचं नाव अकारविल्हे, पुढे ती ज्या ज्या पुस्तकात आहे त्यांची यादी, आणि वेगळ्या नावाने छापली असेल तर "तिकडे बघा" अशी खूण. १९२६ साली सुधारलेली आवृत्ती निघाली, १९३७ आणि १९५२ मध्ये पुरवण्या आल्या. सर्च इंजिनच्या पोटात जो उलटा इंडेक्स असतो (शब्दावरून पानाकडे) तोच हा, फक्त कार्डं आणि पेन्सिल वापरून केलेला. मला तर बुवा हे काम कुठल्याही डेटाबेसपेक्षा भारी वाटतं.

पण गोष्टीचं नावच आठवत नसेल तर? तिथे ईस्टमन बाईंचा इंडेक्स गप्प. त्यासाठी 'कशाबद्दल आहे' हे कुठेतरी लिहिलेलं हवं, आणि कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत ते लिहायची पद्धतच नव्हती. इतिहासाच्या पुस्तकाला विषय असतो, कादंबरीला कसला आलाय विषय, असा एकूण समज. लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून तयार कॅटलॉग-कार्डं छापून देशभर विकत होती, त्यावरही हेच. शेवटी १९६५ मध्ये त्यांनी फक्त मुलांच्या पुस्तकांसाठी वेगळी कार्डं सुरू केली. त्यावर दोन ओळींत गोष्टीचा सारांश आणि खाली विषय: मांजरं, एकटेपणा, घर बदलणं. म्हणजे मोठ्यांच्या कादंबऱ्यांना जे मिळालं नव्हतं ते पोरांच्या पुस्तकांना आधी मिळालं. १९८२ साली कॅरोलिन लिमा बाईंचं 'ए टू झू' आलं, त्यात चित्रमय पुस्तकं थेट विषयवार लावलेली. कॅटलॉग पहिल्यांदाच पोरांच्या आठवणीच्या बाजूने बोलायला लागला म्हणायचं.

एवढं असूनही अर्धं काम काउंटरवरच होतं, बोलून. सॅम्युअल ग्रीन नावाच्या ग्रंथपालाने १८७६ सालीच लिहून ठेवलंय की वाचकाशी नीट बोला, त्याला काय हवंय ते आधी समजून घ्या. १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांनी त्याची थिअरी मांडली: वाचक जे विचारतो ती त्याच्या मनातल्या प्रश्नाची तडजोड केलेली आवृत्ती असते. वाचून हसूच आलं. आपल्याकडे याला रिक्वायरमेंट गॅदरिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात! क्लायंट "रिपोर्ट हवा" म्हणतो तेव्हा त्याला काय हवं असतं हे तुम्हाला माहीतच आहे.

कसलेली ग्रंथपाल "नाव आठवतंय का" असं विचारतच नाही. ती विचारते, तेव्हा तुम्ही कितवीत होतात? पुस्तक घरचं की लायब्ररीचं? तेव्हाच जुनाट होतं की करकरीत नवं? चित्रं रंगीत का काळी-पांढरी? कुणी वाचून दाखवलं होतं की स्वतः वाचलं? यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक फिल्टर. तुम्ही १९७४ मध्ये तिसरीत असाल तर पुस्तक १९७४ नंतरचं असूच शकत नाही. आणि तेव्हाच पानं पिवळी पडलेली असतील तर आणखी वीस वर्षं मागे जा.

आणि यातलं किती खरं मानायचं, हे तिला मनात ठरवावं लागतं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचा १९३२ सालच्या पुस्तकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितलं. आठवता आठवता कनूची साधी बोट झाली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. विद्यार्थी खोटं बोलत नव्हते, त्यांनी गोष्ट आपल्या ओळखीची करून घेतली होती. म्हणून निळं पुस्तक कधीकधी हिरवं निघतं, आणि पडकं घर एका पुस्तकातलं, मांजर दुसऱ्याच. आज करोडो पानांचा मजकूर शोधता येतो, पण त्याला मुळातला शब्द लागतो. चॅटबॉटला विचारलं तर तो अशा वेळी बिनधास्त एखादं अस्तित्वातच नसलेलं पुस्तक ठोकून देतो. ग्रंथपाल निदान "सापडलं नाही" म्हणते.

आता फसलं कुठे ते. या बायकांची आवड कडक होती. मुलांना उत्तमच द्यायचं, हलकंफुलकं नाही. 'नॅन्सी ड्रू'सारख्या १९३० पासूनच्या घाऊक मालिका अनेक लायब्रऱ्या घेतच नसत. १९४७ चं 'गुडनाइट मून' न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९७२ पर्यंत ठेवलं नव्हतं; मूर बाई १९४१ सालीच निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा दरारा होताच. गंमत बघा, पोरांनी गादीखाली लपवून वाचलेली पुस्तकं नेमकी हीच. पुढे आठवत राहतात तीही हीच. ज्यांनी शोधायची साधनं बनवली त्यांनीच ती साधनांच्या बाहेर ठेवली. आणि जी घेतली ती पोरांनी फाडफाडून संपवली, मग लायब्ररीने रद्दीत काढली.

याला उतारा शोधला तो एका वेगळ्या स्वभावाच्या बाईंनी. रूथ बाल्डविन लुइझियानात ग्रंथालयशास्त्र शिकवायच्या आणि जुनी बालपुस्तकं जमवायच्या. स्वस्तातली, शिवण उसवलेली, पोरांनी रेघोट्या मारलेली, आत नाव-गाव लिहिलेली. कोरी करकरीत प्रत त्यांना तितकीशी नको असे, पोराने वापरलेली हवी. १९७७ मध्ये हा सगळा पसारा फ्लोरिडा विद्यापीठाकडे गेला आणि त्यातली हजारो पुस्तकं आता स्कॅन होऊन कुणालाही बघता येतात. 'निळ्या पुठ्ठ्याचं' म्हणून शोधणाऱ्याला निदान पुठ्ठा दिसतो तरी.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० अशी मराठी पुस्तकांची प्रचंड ग्रंथसूची केली. त्यात पुस्तक सापडतं, आतली गोष्ट नाही. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून मोफत ठेवलेत, हे फार चांगलं झालं. माझ्या एका मैत्रिणीला त्यातली एक गोष्ट हवी आहे. आठवतंय एवढंच की एक मुलगा पावसात एस्टीची वाट बघत असतो आणि चित्रात पिवळी छत्री होती. मी वरचे सगळे प्रश्न विचारून घेतले. पाचवीत होती, अंक शाळेच्या लायब्ररीतला, तेव्हाच जुना, कव्हर गेलेलं. म्हणजे साधारण दहा वर्षांचे अंक, महिन्याला एक. तिने जुलै-ऑगस्टपासून सुरुवात केलीय, पावसाची गोष्ट पावसाळ्यातच येणार म्हणून. सात अंक झालेत. एक छत्री सापडली, पण ती लाल आहे, आणि एस्टी नाही, होडी आहे.